नायब उस्ताद आणि बारा जोड बूट

नवी वस्तू आहे तशी वापरणं नायबांच्या रक्तातच नव्हतं. "नवं हाय म्हंजे कच्चं हाय," असं म्हणून ते तिच्या मागे लागत. कॉलेजात नवा फुटबॉल आला की एरंडेल चोळचोळून ते त्याला असा बुळबुळीत करत की आमच्या गोलकीपरच्या हातून तो पाठ धुतलेल्या म्हशीसारखा निसटायचा. गोल झाला की नायब गोलकीपरवरच डाफरत, "धरायचं न्हाई व्हय रे?"

मुख्य प्रशिक्षक हैदराबादचे. त्यांना आम्ही उस्ताद म्हणत असू. हे त्यांचे सहायक, म्हणून नायब उस्ताद, आणि पाठीमागे नुसतेच नायब. मूळचे बोरीचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. पूर्णेला रेल्वेत हमाली करता करता तिथल्या संघात उघड्या पायांनी खेळले आणि त्या जोरावर परभणीला आमच्या कॉलेजात लागले. खेळ त्यांना उस्तादांपेक्षा जास्त कळायचा, हे मी आज कबूल करतो. तेव्हा केलं नसतं.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी उस्ताद हैदराबादला परतले. जागा मोकळी झाली. पूर्णेच्या रेल्वे संघाशी सामना होऊ द्या, मग ठरवू, असं प्राचार्य म्हणाले. नायबांनी तेवढ्यावर बोरीला घरी कळवून टाकलं, पांढरी पँट शिवायला टाकली आणि आम्हाला रोज सांगायला लागले, "या खेपेला पक्कं व्हायलंय बघा."

सामन्याला बुटांची सक्ती होती. आम्ही सगळे अनवाणी खेळणारे, पाय फताडे. मुंबईहून बारा जोड बूट आले, ते बोटांना आवळायला लागले. मी कप्तान होतो. नायबांना हात जोडून सांगितलं, "उस्ताद, आहेत तसे राहू द्या." ते म्हणाले, "तू निवांत ऱ्हा. आमी वहाणा अशाच सैल करताव." आणि त्यांनी चोवीसही बुटांत भिजवलेले हरभरे ठासून भरले, तोंडं सुतळीनं आवळली, सगळे एका पोत्यात घातले आणि दोन दिवस पोतं ओलं ठेवलं.

पूर्णेच्या फलाटावर पोतं उघडलं. हरभरे टपोरे फुगले होते, काहींना मोडही आले होते, आणि निम्म्या बुटांचे तळ उसवून जिभा काढून बसले होते. ते सुतळीनं बांधून आम्ही मैदानात उतरलो. माझ्या बुटाचा तळ पहिल्या धावेतच गेला, आणि रेल्वेच्या एका धिप्पाड गड्यानं माझ्या अंगठ्यावर पाय दिला. पाच गोल खाऊन परतताना नायबांनी गाडीत धोतराच्या फडक्यातून तेच हरभरे काढले. "खा रे, लय पळलाव. नवेच तर बूट होते." मला त्यांना गाडीतून ढकलावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. "यांना मुख्य करावं का? तू कप्तान आहेस, तू सांग." माझा अंगठा ठणकत होता. मी म्हणालो, "सर, ते सहायक म्हणूनच बरे."

मुख्य म्हणून औरंगाबादचे एक तरुण गृहस्थ आले. नायब पहिल्याच दिवशी पांढरी पँट घालून त्यांची बॅग उचलायला हजर. ते बघून मी आणखीच वैतागलो. माणसानं थोडं तरी रुसावं की नाही!

कॉलेज संपवून मी नोकरीसाठी निघालो तेव्हा ते परभणी स्टेशनवर आले. गाडीला वेळ होता. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "त्या टायमाला प्राचार्यसायबानं आदी मलाच इचारलं होतं, काम जमंल का म्हणून. म्या म्हनलं, कप्तानाला इचारा. ते पोरगं खोटं बोलत न्हाई."

एवढी आयती चालून आलेली जागा त्यांनी माझ्या शब्दावर सोडून दिली होती! त्यांच्यावर मी इतका कधीच चिडलो नव्हतो, आणि स्वतःची इतकी लाजही मला कधी वाटली नव्हती. मी तेव्हा खरं बोललो नव्हतो, रागानं बोललो होतो. तेवढं सांगायला दहा मिनिटं माझ्या हाताशी होती. मी फक्त "येतो, उस्ताद" म्हणालो आणि डब्यात जाऊन बसलो.