स्लोला बंद पडणारं इंजिन

दादा माझा सख्खा थोरला भाऊ, पण धक्क्यावर सगळ्यांसारखा चारचौघांत मीही त्याला मिस्त्रीच म्हणतो. चाळीस वर्षं त्याने लाँचच्या पोटात उकिडवं बसून काढली. रेस कमी केली की इंजिन बंद पडतं, अशी तक्रार आली की बाकीचे मेकॅनिक स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं ती गती, वाढवून मोकळे होतात. दादा तसल्यांना शेलक्या शिव्या घालायचा. आधी डिझेलमध्ये पाणी आहे का बघायचं, मग फिल्टर, मग पाइपात शिरलेली एअर. स्लोला हात सगळ्यात शेवटी.

यंदा माझ्याच लाँचला हे दुखणं लागलं. भर रेसमध्ये इंजिन झकास, धक्क्याला लागताना मात्र गपकन बंद. मग रिव्हर्स मिळत नाही आणि लाँच सरळ भिंतीवर जाते. आत चाळीस उतारू असतात, गंमत नाही. दादाने पाइपातली एअर काढली, इंजिन सुरेख चाललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठ दिवस हा खेळ. माझं डोकं फिरलं. तो घरी गेल्यावर मीच इंजिनावरची फळी उचलून खाली उतरलो.

एअर काढताना फिल्टरवरचा एक स्क्रू सैल करतात, बुडबुडे संपले की पान्याने आवळतात. माझ्या नुसत्या बोटाने तो फिरला; दादा तो पान्याशिवाय, बोटांनीच बसवत होता. इंजिनाच्या हादऱ्यांनी तो सुटायचा आणि पुन्हा हवा शिरायची.

दादा हल्ली विसरतो का, असं वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "भाऊजी, गॅस दोनदा तसाच चालू ठेवलाय त्यांनी. मला वाटलं, इंजिनाजवळ तरी भानावर असतील."

त्याला सांगायची माझी छाती झाली नाही. तो इंजिनाला हात लावून गेला की मी गुपचूप पान्याने स्क्रू आवळायचो. महिनाभर निभावलं. मग मी तापाने पडलो, आणि नेमका त्याच दिवशी त्याने फिल्टर बदलून एअर काढली. दुसऱ्या दिवशी मी कामावर आलो, काही न तपासता निघालो, आणि लाँच धक्क्यावर आदळली. एका म्हातारीचं मनगट मोडलं. चूक माझी, भित्रा मीच.

दादा धावत आला, खाली उतरला आणि अर्ध्या मिनिटात त्याने स्क्रू पकडला.

"हा कुणी सैल सोडला?"

मी पाना त्याच्यापुढे केला.

"कोण गाढव आहे ते मला नको सांगूस," तो म्हणाला. "पण माणसं मारेल तो एक दिवस. त्याला परत इंजिनाला हात लावू देऊ नकोस. कबूल कर."

"कबूल," मी म्हटलं.

त्याने पान्याने स्क्रू घट्ट आवळला, फडक्याला हात पुसले.

"उद्या सकाळी येऊन एकदा बघून जातो," तो म्हणाला.

"नको दादा," मी म्हटलं. "उद्यापासून नको येऊस."