नारिंगी डोळ्यांच्या माश्या

नवऱ्याने जबड्यावर लाथ घातली, तेव्हा तिची मुलगी दहा वर्षांची होती आणि दाराची कडी धरून उभी होती. दोन दात फरशीवर पडले. तिने ते उचलून मुठीत घेतले, दुसऱ्या हाताने मुलीचं मनगट धरलं आणि घराबाहेर पडली. त्या घराकडे परत फिरकली नाही. नवरा ट्रकचा मेकॅनिक. आयुष्यात त्याने नीट हाताळलं ते फक्त इंजिन.

पुढची बारा वर्षं तिने माश्या पाळल्या. पिकल्या केळ्यावर घोंघावतात ना, तिळाएवढ्या, त्या फळमाश्या. एका संशोधन संस्थेत तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. ऑफिसातले कारकून म्हणायचे, "आम्ही दिवसभर माश्या मारतो, ही एकटीच त्या जगवते." त्यावरून तिचं नाव माशीबाई पडलं. मोठ्या पातेल्यात मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवायचं, ते गरम गरम काचेच्या नळ्यांत ओतायचं, निवलं की माश्या जुन्या नळीतून नव्या नळीत झटकायच्या आणि कापसाचा बोळा लावायचा. प्रत्येक नळीत माश्यांचं वेगळं कूळ; एका कुळातली माशी दुसऱ्यात गेली, की वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात.

तिथल्या डॉक्टरबाई माणसांच्या नव्हत्या, माश्यांच्याच होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला सूक्ष्मदर्शकाखाली एक माशी दाखवली. डोक्यावर मिशांच्या जागी दोन पाय फुटलेले. माशीबाई दचकून मागे सरकली.

"अगंबाई! हिला कोणी असं केलं?"

"पायाचा जीन अंगातल्या प्रत्येक पेशीत असतो, डोक्यातल्यासुद्धा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण जीनच्या आधी एक तुकडा असतो, प्रोमोटर. जीन कुठे चालू व्हायचा, कधी व्हायचा, हे तो ठरवतो. हिच्यात उलटापालट झाली आणि पायाच्या जीनला डोक्यात चालणारा भलताच प्रोमोटर चिकटला."

"म्हणजे पाय धडधाकट आहे, पत्ता चुकला."

डॉक्टरबाई खळखळून हसल्या. तेव्हापासून दोघींचं जमलं.

सहा वर्षं त्यांचं एकच काम चाललं होतं. एका जीनच्या आधीचा भाग घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे, एकेक तुकडा चमकणाऱ्या जीनला जोडून माशीत घालायचा, आणि मग अंड्यातल्या गर्भात कुठे उजेड पडतो ते बघायचं. एका तुकड्याने पोटावर एक पट्टा उजळायचा, दुसऱ्याने शेपटीकडे ठिपका, तिसऱ्याने काहीच नाही. अशी एक्केचाळीस कुळं झाली. मूळ माश्या पांढऱ्या डोळ्यांच्या. तुकड्यासोबत खूण म्हणून डोळ्यांच्या रंगाचा जीनही जोडलेला, त्यामुळे तुकडा बसला, की डोळे नारिंगी.

मुलीचं लग्न ठरलं. बापाला कळवायचं नाही, असं मायलेकींनी ठरवलं होतं. कुठून तरी त्याच्या कानावर गेलंच.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला तो चाकं खोलायचा लांब पाना घेऊन तिसऱ्या मजल्यावर आला. शेगडीवर दोन पातेली रटरटत होती. डॉक्टरबाई पुढे झाल्या, "कोण हवंय आपल्याला?" त्याने पाना सरळ त्यांच्या डोक्यात घातला. त्या कोसळल्या, कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं.

"माझ्या पोरीचं लग्न आणि मला पत्ता नाही?" तो ओरडला आणि मांडणीवर तुटून पडला. एका फटक्यात पन्नास-साठ नळ्या. काच पावसासारखी सांडली. प्रत्येक कुळाच्या जादा नळ्यांचं थंड कपाट त्याने ओढून आडवं पाडलं. हजारो माश्या हवेत उठल्या, त्याच्या तोंडात, नाकात शिरल्या. तो थुंकत होता आणि फोडत होता. माशीबाईने त्याच्या दंडाला धरलं, तसा पाना तिच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. मग तो डॉक्टरबाईंकडे वळला. पाना वर गेला.

तिने धड असलेल्या हाताने पातेलं उचललं आणि त्याच्या तोंडावर उपडं केलं.

ते पाणी नव्हतं. चिकट, उकळती खळ होती ती, अंगाला धरून बसणारी. तो गुडघ्यांवर आला, तोंड ओरबाडू लागला, हातात कातडी आली. पाना केव्हाच सुटून पडला होता. "पुरे, पुरे," तो म्हणत होता.

तिने दुसरं पातेलं उचललं आणि तेही ओतलं.

दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले, तेव्हा शेजारच्या खाटेवरून डॉक्टरबाई कुजबुजल्या, "सांगा ना, घाबरून दोन्ही एकदमच ओतली."

"पहिलं घाबरून ओतलं," ती पोलिसाला म्हणाली. "दुसरं मनापासून."

पोलिसाने लिहिणं थांबवून तिच्याकडे पाहिलं, मग तसंच लिहून घेतलं.

जामिनावर सुटल्यावर ती हात गळ्यात बांधून त्याच खोलीत गेली. दारं-खिडक्या तशाच बंद ठेवल्या होत्या. केळ्याच्या फोडी ठेवून तिने माश्या धरल्या. माद्यांचा भरवसा नव्हता, गोंधळात कोणाशी जुळल्या असतील कोण जाणे. म्हणून नारिंगी डोळ्यांचे नर तेवढे वेगळे काढले आणि एकेकाला पांढऱ्या डोळ्यांच्या कोवळ्या, नर न भेटलेल्या मादीबरोबर ठेवलं. अंडी पडली की डॉक्टरबाई टाके घातलेल्या कपाळाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या आणि कुठे उजळलंय त्यावरून कूळ सांगायच्या. पाच महिन्यांत तेहतीस कुळं सापडली. आठ गेली ती गेलीच.

न्यायाधीशांनी पहिलं पातेलं माफ केलं. दुसऱ्यासाठी सहा महिन्यांची कैद दिली.

मुलीचं लग्न तोवर झालं होतं. तुरुंगात ती पहिल्यांदा भेटायला आली आणि जाळीपलीकडे बसली.

"बाबांचा एक डोळा गेला," ती म्हणाली. "मी डबा घेऊन जाते रोज. हाताने भरवावं लागतं."

"जा की. बाप आहे तुझा."

"दुसरं का ओतलंस, आई? ते पुरे म्हणत होते."

"मीसुद्धा म्हणायचे. बारा वर्षं संसार केला त्याच्याशी, रोज म्हणायचे."

"म्हणून?"

"म्हणून नाही. तेव्हा हात थांबवता आला असता. मी थांबवला नाही. त्याचं मी भोगतेय, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला त्याची दया येत नाही, आणि तुझ्यासाठी खोटं रडायचीही नाही."

मुलगी उठली आणि निघून गेली. पुढच्या आठवड्यात ती आलीच नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात आली, आणि बसल्या बसल्या सासूची नक्कल करून दाखवू लागली.