जांभ्यातली यमुनाबाई

मालिनीबाईंनी उभ्या आयुष्यात मासा चाखला नव्हता, पण मिरकरवाड्याच्या बंदरावर त्यांच्याइतकं ठाण मांडून कुणी गिऱ्हाईकही बसलं नसेल. शाळेतून चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच सकाळी घडीची खुर्ची काखोटीला मारून बंदरावर हजर! लिलावाचा गलका, बर्फाची घमेली, जाळी विणणारे हात, सगळं त्यांनी कागदावर उतरवलं. होड्या तर हातात इतक्या बसल्या होत्या की गप्पा मारता मारता काढाव्यात. घोडं अडलं होतं ते एका माणसापाशी.

ते माणूस म्हणजे यमुनाबाई. सत्तरी ओलांडलेली मासळीवाली, जेटीवर पालथ्या क्रेटवर बसणारी, आवाज असा की ट्रॉलरवरच्या खलाशानेही मान वळवावी. लहानपणी अंगावर देवी आल्या होत्या, त्यांचे वण दोन्ही गालांवर अजून होते. पहिल्याच दिवशी तिने मालिनीबाईंना फैलावर घेतलं होतं. "मासे घ्यायचे नाय नि मासेवालीचा त्वांड बघत बसायचा! काय बाय तुझी तऱ्हा!"

मालिनीबाईंना ते तोंड हवंच होतं. त्यांनी आधी जलरंगात काढून पाहिलं. यमुनाबाईने हात पदराला पुसून कागद धरला, लांब नेला, जवळ आणला.

"ही कोन गो?"

"तुम्हीच, यमुनाबाई."

"मी? ही तर कुनातरी शेटाची बायको दिसते. नथ हाय, कुंकू हाय, सगळा हाय. पन ह्यात मी कुठं हाय?"

आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. मालिनीबाईही हसल्या, पण घरी येईपर्यंत ते हसू पार आटलं. त्यांनी सगळं खापर रंगांवर फोडलं. पाण्याचे रंग म्हणजे पुळचट, असल्या बाईला तैलरंगच हवेत!

तैलरंग आले. टर्पेंटाइनच्या वासाने गोपाळकृष्णपंतांचं, म्हणजे त्यांच्या यजमानांचं, डोकं उठलं आणि ते दिवसभर पडवीत जाऊन बसू लागले. चित्र झकास झालं. यमुनाबाई म्हणाली, ही शेटाची मोठी बायको. मग शाडू आणला. शाडूत हात घातल्यावर मालिनीबाई लहान मुलीसारख्या हरखल्या; इतकं सुख त्यांना ब्रशने कधी दिलं नव्हतं. पण मूर्ती वाळताना नेमकी नाकावर तडकली. मग फणसाच्या लाकडाचा ओंडका झाला. त्याने अंगठा फाडला, आणि एवढं रक्त सांडून जी बाई निघाली तिच्याकडे पाहून यमुनाबाईने नुसती मान हलवली. ते मान हलवणं हसण्यापेक्षा जास्त लागलं.

अशात माघ महिना आला आणि यमुनाबाईने बंदरावर जाहीर करून टाकलं, "शिमगा झाला की मी चालले मंडणगडला, लेकीकडं. गुडघं ऱ्हायले नाय आता."

मालिनीबाई खुर्ची मिटून तडक घरी निघाल्या. इतकी वर्षं मुलांना चित्रकला शिकवली, आणि एक तोंड, रोज समोर दिसणारं एक तोंड, आपल्याला साधू नये? ती निघून गेली की 'ही मी' असं म्हणणारं कोण उरणार?

शेजारी कुंपणाचं काम चाललं होतं. तिथला जांभ्या दगडाचा एक ताजा, मोठा चिरा त्यांनी मागून आणला. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, मग हवेने कडक होत जातो. थांबायला सवड नव्हती.

"अगो, हा दगड गडग्याला लावायचा," गोपाळकृष्णपंत पडवीतून म्हणाले. "त्याला कुणी नाकडोळे काढतं काय?"

"अहो, तुम्ही पेपर वाचा."

पण दगडाने त्यांच्या नाकी नऊ आणले. जांभा तो! जागोजागी भोकं. छिन्नी एकीकडे मारावी तर ढलपा दुसरीकडून निघे. तरीही कपाळ आलं, रागीट भुवया आल्या, पुढे काढलेली ती हनुवटी आली. ती हनुवटी उमटली तेव्हा मालिनीबाई एकट्याच मोठ्याने "वा!" म्हणाल्या. गालांवर मात्र भोकंच भोकं. त्यांनी चिऱ्याचाच भुगा सिमेंटमध्ये कालवला, भोकं लिंपली आणि वरून घासून घासून गाल गुळगुळीत केले.

शिमगा तोंडावर आला. कानापाशी शेवटचा हात फिरवायचा म्हणून त्यांनी छिन्नी हलकेच ठोकली, आणि डाव्या गालावरचं सगळं लिंपण पापुद्रा सुटावा तसं खाली आलं.

मालिनीबाईंनी हातोडा फेकला. रडूच फुटलं त्यांना. डोळे पुसून पुन्हा पाहिलं, तर उजवीकडे शेटाची बायको होती आणि डावीकडे, त्या भोकाभोकांच्या गालात, यमुनाबाई बसली होती.

रंग नाही, शाडू नाही, लाकूड नाही, कुणाचाच दोष नव्हता! दर वेळी वण आपणच गाळले होते. बाईमाणसाचे वण काय काढायचे, बरं दिसत नाही, म्हणून. आणि ती बाई दर वेळी चित्रात आपलं तोंड शोधत होती. 'दिसतं ते काढा' म्हणून शाळेत पोरांचे कान पिळणाऱ्या आपण! त्यांना स्वतःची लाज वाटली आणि त्याच दमात हर्ष झाला. त्यांनी उजव्या गालावरचं लिंपण टोकरून काढायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षातून दगड बंदरावर आला. उचलायला हात लावावा लागला म्हणून नाकाला रुमाल बांधून गोपाळकृष्णपंतही आले, जन्मात पहिल्यांदा.

यमुनाबाईने हात पदराला पुसले. दगडाच्या गालावरून बोटं फिरवली, मग स्वतःच्या गालावरून, मग पुन्हा दगडाच्या.

"जल्ला मेला," यमुनाबाई हळूच म्हणाली. "ही मी."

आणि मग एकदम तिचा तो नेहमीचा आवाज सुटला, "बघताव काय गो सगळ्या? ही मी हाय!" बायकांनी जो गलका केला त्यापुढे लिलाव फिका. यमुनाबाईने टोपलीतली सर्वांत मोठी सुरमई उचलून मालिनीबाईंच्या हातात कोंबली. "नाय म्हनू नको. आज तरी घे." मालिनीबाईंनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. गोपाळकृष्णपंत रुमालाआडून काही म्हणणार होते, पण बायकोचा चेहरा पाहून त्यांनी रुमालच सोडून खिशात टाकला.

"दगड मंडणगडला कसा नेणार तुम्ही?" मालिनीबाईंनी विचारलं.

"ती कशाला येते? ती हितंच बसंल."

सुरमई टोपलीवर टेकवून तिघांनी मिळून दगड क्रेटवर ठेवला. यमुनाबाई गुडघे धरत चार पावलं मागे गेली, गिऱ्हाइकासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि स्वतःच्या जागेवर बसलेल्या स्वतःला तिने ओरडून विचारलं, "काय गो, सुरमई ताजी हाय ना?"