गुरुवारी येतो

लेस्टरला येऊन आम्हाला सोळा वर्षं झाली होती, तेव्हा मी वेल्समधली पाच दिवसांची सायकलची सहल ठरवली. सायकली, नकाशा आणि रस्त्याचं टिपण कंपनी देणार, बॅगा रोज व्हॅनने पुढच्या मुक्कामी पोचवणार, आणि बरोबर वाटाड्या कुणी नाही. "म्हणजे चुकायचंही आपलं आपणच," बायको म्हणाली. टिपणात रस्त्याला 'अंड्युलेटिंग' म्हटलं होतं. मी तिला त्याचा अर्थ 'थोडंसं वरखाली' असा सांगितला. तेही खोटंच होतं, पण या हकिकतीत ते किरकोळ आहे.

ती पुण्याची. कॉलेजची चार वर्षं तिने सायकलवर काढलेली. मी सोलापूरला सायकलचा उपयोग मुख्यतः दळण आणायला केला होता. त्यामुळे चढावर ती पुढे असे, आणि मी सायकल ढकलत वर पोचेपर्यंत गवतात बसून माझी वाट पाहत असे. याबद्दल तिने कधी तक्रार केली नाही.

सोमवारचा पहिला मुक्काम टेकडीवर, मेंढ्या पाळणाऱ्या एका बाईंच्या घरी होता. सत्तरीच्या असतील. नवरा वारल्यावर त्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊ लागल्या होत्या. बोलायच्या कमी. आम्ही शाकाहारी आहोत हे त्यांना पत्राने कळलं होतं, म्हणून त्यांनी लीक आणि चीज पारीत भरून भाजलेला पाय केला होता. लीक म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीची थोराड बहीण. "शाकाहारी लिहून कळवलं तरी पाय वाढतात," बायको मला मराठीत म्हणाली, आणि तिने तो दोनदा घेतला. इंग्लंडमध्ये कुणाच्या घरी तिने दुसऱ्यांदा काही घेतलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. बाई चुलीपाशी उभ्या राहून हे पाहत होत्या. त्यांना बरं वाटलं असावं.

सकाळी निघताना बायको दारात वळून त्यांना म्हणाली, "वी विल कम." आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. सोळा वर्षं इंग्रजी बोलूनही उंबऱ्यावर तिची जीभ मराठीच राही. एवढं बोलून ती फाटक उघडायला गेली.

बाईंनी मला विचारलं, "कधी?"

खुलासा करायची वेळ हीच होती. आमच्यात जाताना येतो म्हणतात, याचा अर्थ येणार असा नसतो, एवढंच सांगायचं होतं. पण मनात ते वाक्य जुळवलं तेव्हा आम्ही खोटं बोलणारी माणसं आहोत असं वाटायला लागलं. शिवाय पुढे दोन मैलांचा उतार होता, सहलीतला पहिलाच, आणि मी सायकलवर टांग टाकलेली होती. चौथ्या दिवशीचा रस्ता याच टेकडीखालून जातो, हे मला आठवलं. मी म्हणालो, "गुरुवारी."

"गुरुवारी तर मग," बाई म्हणाल्या. "पाय करून ठेवते."

फाटकापाशी बायकोने विचारलं, काय म्हणाल्या. सावकाश जा म्हणाल्या, असं मी सांगितलं.

त्यांचा फोन नंबर टिपणावर होता. पुढचे दोन दिवस मी फोन करणारच होतो. पण फोनची लाल पेटी चढावर दिसली तर दम लागल्याने बोलता आलं नसतं, आणि उतारावर दिसली तर थांबवत नसे. वेल्समध्ये सपाट जागी फोन नाहीत, असं मी स्वतःला पटवलं. बुधवारी एक पेटी सपाट जागी होती. तिथे मी बिस्किटं खाल्ली.

गुरुवारी चारच्या सुमाराला आम्ही फाट्यापाशी आलो. बायको थांबली. "अहो, ही त्या बाईंचीच टेकडी ना?"

इथे सगळ्या टेकड्या सारख्याच दिसतात, असं म्हणून मी पायडल मारलं. पाच दिवसांत मी तिच्या पुढे गेलो ते एवढ्याच वेळी.

संध्याकाळी सव्वासातला, खालच्या गावातल्या मुक्कामी, आम्ही टोस्ट आणि बीन्स खात होतो. घरमालकांनी येऊन सांगितलं, तुमच्यासाठी फोन आहे. बायको दाराजवळ बसली होती, ती उठून गेली. बॅगांसाठी पुढच्या मुक्कामांची यादी प्रत्येक घरी असते, हे मला तेव्हा आठवलं. मी बीन्सकडे बघत राहिलो.

ती परत येऊन बसली. "त्या बाई होत्या. कुठे पडलात का, म्हणून विचारत होत्या. तासभर फाटकाशी उभ्या होत्या." मग म्हणाली, "गुरुवारी येतो म्हणालात तुम्ही?"

मी म्हणालो, "तू येते म्हणालीस, म्हणून त्यांनी कधी ते विचारलं."

"मी येते म्हणाले. वार तुम्ही सांगितलात."

मी उरलेले बीन्स संपवले.

शुक्रवारी आमची परतीची गाडी दुपारची होती. सकाळी सहाला तिने सायकल बाहेर काढली. मला चला म्हणाली नाही. मी मागोमाग निघालो. त्या दिवशी ती चढावर कुठेच थांबली नाही. मी वर पोचलो तेव्हा ती स्वयंपाकघरात बसली होती आणि तिच्यापुढची ताटली रिकामी होती. तिने बाईंना काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. बाईंनी उरलेला पाय माझ्यापुढे ठेवला, कालचा, गार. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पडला नाहीत ना, मग झालं." मी सगळा खाल्ला.

निघताना बाई फाटकापर्यंत आल्या. बायकोने तोंड उघडलं, मिटलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता तुम्ही काही बोलू नका," ती मला मराठीत म्हणाली. मग बाईंकडे वळून, एकेक शब्द सुटा करत, "वी आर गोइंग."

तिच्या माहेरी असं कुणी म्हटलं तर त्याला हाताला धरून परत आत नेऊन बसवतात, आणि 'येतो' म्हणवून घेतल्याशिवाय सोडत नाहीत. बाईंनी मान हलवली आणि फाटक लावून घेतलं.

त्यानंतर आम्ही दोनदा वेल्सला गेलो, एकदा तर त्या टेकडीखालच्या गावावरूनच. त्या टेकडीवर गेलो नाही. तसं सांगूनच निघालो होतो.