कार्डावरचा तिसरा तुकडा

माझ्या सासूबाईंना विमानाचं भारी वावडं. नुसती घरघर ऐकली तरी कपाळाला आठ्या. आणि नोकरी कुठली, तर सैन्याच्या खास तुकडीच्या पॅराशूट दुरुस्तीच्या खोलीत. एकतीस वर्षं त्यांनी उड्या मारणाऱ्यांच्या छत्र्या शिवल्या, पण स्वतः कधी स्टुलावर चढून बल्ब बदलला नाही. तो मी बदलायचे.

पॅराशूटला तिथे सगळे छत्रीच म्हणत. खोलीत सहा मशिनं, एक लांबच लांब टेबल आणि भिंतीवर प्रत्येकीच्या नावाचं सुईचं कार्ड. जुनी सुई जमा केल्याशिवाय नवी मिळायची नाही. सुई मोडलीच, तर सगळे तुकडे चिकटपट्टीने कार्डावर लावायचे आणि खाली सही करायची. एक तुकडा जरी कमी असला, तरी त्या दिवशी त्या मशिनवरून गेलेली एकही छत्री वर जात नसे. घडीत अडकलेलं पोलादाचं टोक छत्री उघडताना कापड फाडू शकतं. ही शिस्त सासूबाईंनी घरीही आणली होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला टाचण्या मोजून दिल्या. आठवलं की मी अजूनही चिडते.

माझा नवरा त्याच खास तुकडीच्या भरतीत उतरला. याआधीचे जवान उड्या शिकायला परदेशी जायचे. इथेच शिकून घडणारी ही पहिली तुकडी होती. पाठीवर वाळूची पोती घेऊन डोंगर चढणं, गार पाण्यात तासन् तास उभं राहणं, तीन दिवस झोपेविना नकाशावर चालणं, असं करता करता दोनशेंतले चौदा उरले. त्यात हा. मायलेकांचा कामावर एकमेकांशी बोलायचा संबंध नव्हता, आणि ते दोघंही कटाक्षाने पाळत. घरी मात्र त्याच्या टाचांच्या फोडांना मलम लावताना सासूबाई त्या उस्तादांचा, म्हणजे प्रशिक्षकांचा, यथेच्छ उद्धार करत.

पहिल्या उडीच्या सकाळी सासूबाई कामावर निघण्याआधी घरच्या मशिनवर उशीचा अभ्रा शिवायला बसल्या. मन थाऱ्यावर नसलं की त्या काहीतरी शिवत. सुईत दोरा ओवला आणि हात तसाच थांबला.

"अगं, मशिनच्या सुईला भोक टोकाशी असतं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, काळजीने डोकं फिरलं. पण आदल्या संध्याकाळी त्यांची सुई मोडली होती. दोन तुकडे कार्डावर लावून, सही करून त्या घरी आल्या होत्या. आणि त्या दोन तुकड्यांत भोक नव्हतं. म्हणजे टोकाचा तिसरा तुकडा कुठेतरी राहिला होता, आणि त्यांच्या मशिनवरून गेलेल्या चौदा छत्र्या त्या क्षणी चौदाजणांच्या पाठीवर होत्या.

घरच्या चपला घालून त्या धावपट्टीकडे धावल्या. मी मागे. विमानाचे पंखे फिरत होते. तुकडी पुढे चालवायची की मोडायची, हे ठरवायला आलेले वरचे अधिकारी खुर्च्यांवर बसले होते. सासूबाई थेट विमानासमोर जाऊन उभ्या राहिल्या. ज्या आवाजाचं त्यांना वावडं, त्याच्या पुढ्यात.

उडी रद्द झाली. चौदा छत्र्या टेबलावर उलगडल्या गेल्या. तीन दिवस सगळ्यांनी शिवण न् शिवण चाचपली, लोहचुंबक फिरवलं. टोक काही सापडलं नाही.

मग कुजबुज सुरू झाली. आईचं काळीज कच्चं पडलं, पोराला वर पाठवायचं नव्हतं म्हणून सुईचं नाटक केलं. नवऱ्याला तुकडीत "आईचं बाळ" म्हणू लागले. उस्तादांनी त्याला सांगितलं, की आठवडाभरात गोष्ट निस्तरली नाही तर तुला काढावं लागेल. ज्याच्यावर बाकीचे तेरा विसंबत नाहीत, तो माझ्या कामाचा नाही. घरी आला तेव्हा तो आईशी चकार शब्द बोलला नाही. ताट मी वाढलं. मला दोघांचाही राग येत होता आणि दोघांसाठीही रडू येत होतं.

पाचव्या दिवशी मी पाहिलं, सासूबाई डाव्या हाताने भांडी घासताहेत. उजव्या हाताचं पहिलं बोट सुजून टम्म झालं होतं. सुई मोडताना बोटात घुसली होती म्हणे, पण ते तर नेहमीचंच, त्यात काय बघायचं. मी हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बोट जरासं चिरलं आणि चिमट्याने एक इवलंसं टोक बाहेर काढलं. त्याला भोक होतं.

सगळं सैन्य ज्या टोकासाठी तीन दिवस पालथं पडलं होतं, ते बाईच्या बोटात ठणकत होतं.

मी ते कापसात गुंडाळून खोलीवर नेलं. उस्तादांनी स्वतः ते कार्डावर चिकटवलं. तीन तुकडे मिळून सुई पुरी झाली. चुकीची सही केली म्हणून त्यांनी सासूबाईंना सगळ्यांदेखत ठणकावलं. मग डोंगर चढून आलेल्या चौदाही जणांना तसंच आत बोलावलं आणि दिवसभर त्या टेबलापाशी बसवलं. त्याच दमल्या हातांनी प्रत्येकाने सुईत दोरा ओवायचा. तेव्हापासून खास तुकडीच्या प्रत्येक नव्या जवानाचा पहिला दिवस त्या खोलीत जातो. कितीतरी दांडगे गडी त्या दोऱ्यापुढे घामाघूम झालेले मी पाहिलेत.

नवरा सगळ्यात शेवटी उठला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो आईशी बोलला.

"आई, खरं सांग. त्या दिवशी माझी छत्री कोणती होती?"

सासूबाई पट्टी बांधलेल्या बोटाने शिवण दाबत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"ते आम्हाला कळू देत नाहीत रे," त्या म्हणाल्या. "मला चौदाही तुझ्याच म्हणून शिवाव्या लागतात."

नवऱ्याने खाली बसून त्यांच्या पुढ्यातली सुई घेतली आणि पुढचा दोरा ओवून दिला.