मोजून वाढलेलं ताट

उंची मोजायची पट्टी मी भिंतीवर लावली आणि एका दिवसात आमच्या शाळेतल्या दोनशे सहा मुली चार बोटं खुज्या झाल्या.

भिंतीच्या बुडाशी फरशीची कडा होती. शून्य जमिनीला टेकवायचा तर पालथं पडायला हवं, आणि माझे गुडघे त्याला तयार नव्हते. मी शून्य कडेच्या वर चिकटवला. चित्रकलेचा मास्तर असल्यामुळे पट्टी मात्र अगदी सरळ लावली होती. हे मी ताईला नंतर सांगूनही पाहिलं. सांगायला नको होतं.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण आणि शाळेची नर्स. सव्वीस वर्षं ती एकाच खोलीत बसते. तिथे एक खाट, एक वजनकाटा आणि लाथ घातल्याशिवाय न उघडणारं एक कपाट आहे. मुली तिला टरकून असतात, तरी पोटात दुखलं की वर्गाच्या बाईंना ओलांडून तिच्याकडेच धावतात. ती वैतागलेली नाही असा दिवस मी पाहिलेला नाही. तिला वैतागायला कारण लागत नाही असं मी पूर्वी म्हणायचो. हल्ली म्हणत नाही, कारण निम्मी कारणं मीच पुरवतो.

चाळीस घरांत ‘मुलीची वाढ कमी आहे, भेटायला या’ अशा चिठ्ठ्या गेल्यावर घोटाळा उघडकीला आला. ताईने पट्टी उपटली, स्वतः जमिनीवर आडवी होऊन परत लावली आणि दोनशे सहा मुली पहिल्यापासून मोजल्या. मला आकडे लिहायला बसवलं, तेही पेन्सिलीने. मुली चार बोटं वाढल्या. चिठ्ठ्या मागे घेतल्या, एक सोडून.

ती चिठ्ठी नववीतल्या एका मुलीची, पंधरा पूर्ण झालेली. तिचं वजन गेल्या वर्षी होतं तेवढंच होतं, आणि वजनकाट्याला मी बोटही लावलं नव्हतं. पाळी अजून आलेली नव्हती.

तिची आई कपडे इस्त्री करण्याच्या दुकानात काम करते. दुकानातून तडक आली ती चिठ्ठी नाचवतच. पट्टीचा घोटाळा सगळ्या गल्लीला कळलाय, म्हणाली, मग माझ्याच मुलीमागे का लागलात? ताईने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी भिंतीवरचा दातांचा तक्ता फार आस्थेने वाचू लागलो.

मग खरी गोष्ट बाहेर आली. तिची थोरली मुलगी चौथीत, नऊ वर्षांची असतानाच मोठी झाली. भर वर्गात रडत बसली, आपल्याला लागलंय असं समजून. शेजारणींनी निदान केलं की दूध-अंडी खाऊ घातली, म्हणून पोर लवकर पिकली. तेव्हापासून आईने धाकटीचं ताट मोजून वाढायला घेतलं. अर्धा पेला दूध, अंडं नाही, डाळ एकदाच, दुसऱ्यांदा मागायचं नाही. आणि हे सांगताना तिला केवढा अभिमान. “अजून लहान आहे माझी,” ती म्हणाली.

ताईने कपाळावर हात मारून घेतला. थोरली दिवसभर काय खायची, असं तिने विचारलं. आई दुकानात, म्हणून बिस्किटांचे पुडे आणि बाटलीतलं गोड पाणी. अंगानेही चांगली जाडजूड होती. आणि तुम्हाला स्वतःला पाळी कधी आली? दहाव्या वर्षी. म्हणजे थोडं घराण्यातलं, थोडं पुड्यांतलं, आणि सगळा आळ बिचाऱ्या अंड्यावर, असं ताई चिडून म्हणाली.

“शरीर काही वेडं नाही,” ती पुढे म्हणाली. “घरात शिधा नसेल तर ते पाहुणे बोलावत नाही, पुढच्या वर्षी बघू म्हणतं. पण तोवर हाडं आणि उंचीही तशीच अडकून बसते. हे लहान राहणं नव्हे, बाई.”

पंधरा झाली तरी पाळी नाही म्हणजे डॉक्टरांना दाखवायलाच हवं, दुसरं काही कारण नाही ना हेही बघतील, असं तिने तीनदा सांगितलं. आई मान हलवत होती, पण नाही अशी. थोरलीसारखं हिचं होऊ देणार नाही, हेच पालुपद. ताईचा आवाज चढला, मग तिने तो गिळला. वर्गातून बोलावून घेतलेली मुलगी खाटेच्या कडेवर ओढणीचं टोक गुंडाळत बसली होती.

“आई,” ती म्हणाली, “डबा संपला की मी दुसऱ्यांच्या डब्यांकडे बघत बसते.”

आईने हातातली चिठ्ठी खाली ठेवली. “मला कधी बोलली नाहीस.”

“तू मोजून देतेस ना.”

मग आईने डॉक्टरांचा दिवस विचारला. ताईने तो चिठ्ठीमागे लिहून दिला. मायलेकी गेल्या. जाताना आईने मुलीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

मला राहवेना. आता किती महिन्यांत सगळं मार्गी लागेल, राहिलेली उंची भरून निघेल का, वर्षभरात पाळी येईल ना, असं मी एका दमात विचारून टाकलं.

ताई कपाटाला लाथ घालत म्हणाली, “आधी तिला पोटभर जेवू दे.”