ट्रंक कॉल जोडणारी बाई

टेलिफोन एक्स्चेंजमधल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडायची म्हटल्यावर काहीतरी कानाला चिकटून राहतंच. परवा कॉम्प्युटर शिकणारी माझी नात मला इंटरनेट समजावत होती. "आजी, मेसेज सरळ जात नसतो. या मशीनकडून त्या मशीनकडं, तिथून पुढच्या, असा जातो."

मी म्हटलं, "अगं, त्यातली एक मशीन मीच होते!"

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंगोलीकडच्या एका तालुक्याच्या गावी मी ऑपरेटर म्हणून लागले. दोन खोल्या, एक बोर्ड. कोणी फोनचा दांडा फिरवला की बोर्डावर त्याच्या नंबराचं झाकण पडायचं, मग आपण दोरी खोचून जोडून द्यायचं. पहिल्याच दिवशी मी आमच्या सुपरवायझरला, दिगंबररावांना, विचारलं, "मुंबई कशी लावायची?"

त्यांनी टेबलावर चहाचे चार कप मांडले. "हे आपलं गाव, ही परभणी, हे औरंगाबाद, ही मुंबई. आपण फक्त परभणीला हाक मारायची. परभणी औरंगाबादला मारते, औरंगाबाद मुंबईला."

"अन् मधल्यानं ओ दिली न्हाई तर?"

"तर मुंबई न्हाई!" असं म्हणून त्यांनी औरंगाबाद उचललं आणि पिऊन टाकलं.

•

गावात हळदीचे एक व्यापारी होते, आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. ऑपरेटर भाव ऐकतात असा त्यांना संशय. आता लाईन बरोबर लागली का हे बघायला थोडं ऐकावंच लागतं! तर शेठनी नांदेडच्या मेव्हण्याशी खुणेचे शब्द ठरवले. "पाहुणे आले" म्हणजे माल विकून टाका. "पाहुणे न्हाई आले" म्हणजे थांबा.

पुढं त्यांच्या मुलीला बघायला खरंच पाहुणे आले. शेठ आनंदानं फोनवर ओरडले, "पाहुणे आले! लवकर करा!"

मेव्हण्यानं गोदामातली सगळी हळद विकली आणि तो घरीच बसला. इकडं मामाची वाट बघून पाहुणे निघून गेले.

शेठ तडक एक्स्चेंजमध्ये. "आता तुमीच सांगा दिगंबरराव, काय करू?"

दिगंबरराव शांतपणे म्हणाले, "खरं बोलायचं असल तवासाठी एक शब्द शिल्लक ठेवा, शेठ."

•

आमचे लाईनमन महेबूबचाचा. नरसीकडची लाईन रोज अकराच्या सुमारास खरखरायची आणि तासाभरानं आपोआप नीट व्हायची. चाचा तीन दिवस खांबामागून खांब पायी फिरले. चौथ्या दिवशी एका शेताच्या बांधावर थांबले. निंदायला आलेल्या एका बाईनं कडुलिंबाच्या फांदीला झोळी बांधली होती. झोका दिला की फांदी वाकायची आणि तिचा शेंडा तारेला घासायचा.

"मग फांदी तोडली का, चाचा?"

"कायको? लेकरू झोपून राहिलं होतं. उठेपर्यंत बसलो, मग झोळी दुसऱ्या फांदीला बांधून दिली."

रजिस्टरात बिघाडाचं कारण लिहावं लागायचं. दिगंबररावांनी बराच वेळ पेन हातात धरलं आणि लिहिलं, "वारा."

•

मी शिरड शहापूरकडच्या एका खेड्यातली, बौद्ध घरातली. आमच्या गावच्या पाटलांनी तालुक्याला घर केलं होतं, फोनही घेतला होता. ते रोज नांदेड मागायचे. "बाई, जरा जोडून देता का? लई उपकार होतील." ज्यांच्या वाड्यापुढून जाताना माझा बाप पायातलं काढून हातात घ्यायचा, ते मला अहो-जाहो करत होते! मी नाव कधी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

एकदा ते कसल्यातरी अर्जासाठी स्वतःच ऑफिसात आले. मी बोर्डावर बोलत होते. आवाज ऐकून हसतच वळले आणि मला बघून थांबले.

"तू सखारामची न्हवं?"

"व्हय."

अर्ज तसाच हातात घेऊन ते निघून गेले. त्यानंतर महिनाभर त्यांच्या नंबराचं झाकण पडलं नाही. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

मग एका दुपारी पडलं.

"एक्स्चेंज," मी म्हटलं.

पलीकडं नुसता श्वास. मग, "नांदेडचा दवाखाना पायजे. पोरगी तिथं बाळंतपणात अडली हाय."

मी सगळे कॉल बाजूला सारून नांदेड लावलं. पण लाईन इतकी खराब, की दवाखान्याचं मला ऐकू यायचं, त्यांना नाही. ते नुसते ओरडत होते, "काय? काय म्हणून राहिले?" शेवटी मीच मध्ये पडले. नर्स सांगायची, मी तेच त्यांना सांगायची.

"पोरगी झाली. आई बरी हाय. लेकरू बी बरं हाय."

पलीकडं काहीच आवाज नाही. मला वाटलं लाईन गेली. दोरी काढायला हात उचलला, तेवढ्यात ते बोलले,

"अजून एकदा सांगा, बाई."